शिवी छापायच्या आधी चिठ्ठ्या लिहा

मागच्या फेब्रुवारीत दोन पोरी माझ्या दुकानात आल्या. दुकान म्हणजे नागपूरच्या महालात, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या वाड्याच्या खालच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत छपाईचं लांब टेबल, आतल्या खोलीत अंधार आणि पिवळा बल्ब. मी स्क्रीन प्रिंटिंग करते. लग्नपत्रिका, दुकानांच्या थैल्या, शाळांचे बिल्ले आणि मोर्च्यांचे फलक. बावीस वर्षं झाली. पोरींना ८ मार्चसाठी ४० थैल्या हव्या होत्या आणि त्यांवर एकच शब्द, मोठ्या अक्षरांत: रांड.

मी विचारलं, "हा शब्द तुमच्यापैकी कोणाला, कुठं, कोण बोललं?"

दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक म्हणाली, "काकू, आम्हांला कोणी नाही म्हटलं. पण तो आपलासा करायचाय ना."

मी नाही म्हटलं नाही. चहा मागवला आणि बसवलं. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते, कारण दरवर्षी कोणी ना कोणी असा शब्द घेऊन येतं आणि प्रत्येकीला नव्यानं समजवावं लागतं. शिवी उलटवायची, अपमानाची खूण आपल्या छातीवर मानानं लावायची, ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच ती घाईत झालेली मला पाहवत नाही.

आधी चिठ्ठ्या

एक दुपार मोकळी काढा. आठ-दहा जणी किंवा जण असले की पुरे, वीसच्या वर नको. मोबाइल एका डब्यात ठेवा. वहीची पानं फाडून चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकानं स्वतःवर पडलेला शब्दच लिहायचा. ऐकीव नको, इंटरनेटवरचा नको. चिठ्ठीवर तीन गोष्टी: शब्द, जागा, आणि बोलणारं कोण. नाव लिहायची गरज नाही, नातं लिहा. "मामा." "वर्गशिक्षिका." "ऑटोवाला, बर्डी." "आई."

आमच्या पहिल्या बैठकीत निघालेल्या काही चिठ्ठ्या मला आजही पाठ आहेत. बायल्या, शाळेच्या कवायतीत, पीटीचे सर. छक्का, फुटाळ्यावर, मोटारसायकलवरची पोरं. चवचाल, आत्या, दिवाळीत. वांझ, सासू, वटपौर्णिमेला. भवानी, आजी, रोजच. सटवी, तीच आजी. गड्यासारखी, मुलगी पाहायला आलेले लोक. आणि एकीनं शब्द लिहिलाच नाही, नुसत्या तीन टिंबांची ओळ काढली. तिच्याबद्दल पुढं सांगते, कारण ती चिठ्ठी माझी होती.

मग चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. ज्याची चिठ्ठी त्यानंच वाचायची. हे टाळू नका. कागदावर धीट वाटणारा शब्द तोंडातून काढताना घशाशी अडकतो, आणि तिथंच कळतं की तो अजून किती ओला आहे. कोणी रडलं तर थांबा, पाणी द्या. समजूत घालायला धावू नका.

वाचून झाल्यावर तीन ढीग करा. पहिला, आपण घ्यायचे शब्द. दुसरा, जाळायचे शब्द. काही शब्द कोणालाच नको असतात. आमच्यात "वांझ" तसा निघाला. जिच्यावर पडला होता ती म्हणाली, मला हा फिरवायचा नाही, मला हा संपवायचाय. तिचा शब्द, तिचा निर्णय. तिसरा ढीग सगळ्यांत महत्त्वाचा: हात लावायचा नाही असे शब्द. जे आपल्यापैकी कोणावर पडत नाहीत, दुसऱ्यावर पडतात. जातीवरून दिलेल्या शिव्या सरळ इथं. त्या जातीच्या माणसाशिवाय कोणीही त्या शब्दाशी खेळायचं नाही, कलेच्या नावानंही नाही आणि क्रांतीच्या नावानंही नाही.

माझी चूक

हा तिसरा ढीग मला कसा कळला ते सांगते. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या काही पोरांनी मोर्च्यासाठी मोठा फलक छापून घेतला: "आम्ही सारे हिजडे." पोरं मनानं चांगली होती. मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं. मांजरपाटावर काळ्या शाईनं मी तो रात्री जागून छापला.

संविधान चौकात फलक उलगडला. दहा मिनिटांत तृतीयपंथीयांच्या एक वयस्क गुरू तिथं आल्या, आपल्या चार चेल्यांसह. फलक वाचला. मग पोरांना विचारलं, हे कोणी छापलं, आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हणाल्या, "बेटा, या शब्दामुळं मला घर भाड्यानं मिळत नाही. हा पोरगा संध्याकाळी फलक गुंडाळून आपल्या घरी जाईल. मी हा शब्द कुठं गुंडाळू?" आणि पुढं म्हणाल्या, "आमच्यात हिजडा म्हणजे घराणं असतं, गुरू असतो, चेला असतो. आमच्या तोंडी तो इज्जतीचा शब्द आहे. तुमच्या तोंडी अजून शिवीच आहे."

फलक आम्ही गुंडाळला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१९ च्या कायद्यात त्यांच्या तोंडी छळालाही ६ महिने ते २ वर्षांची शिक्षा लिहिली, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तो शब्द छापण्याआधी एकाही तृतीयपंथी व्यक्तीला विचारलं नव्हतं.

महिनाभरानं मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि विचारलं, तुमच्यासाठी काय छापू? मला वाटलं एखादा शब्द सांगतील. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, बोटं फाकवली, एक तळवा आडवा, एक उभा, आणि टाळी वाजवली. "हे छाप. लोक याची नक्कल करून आम्हांला चिडवतात. पण ही आमची आहे." दोन तळव्यांचं ते चित्र मी त्यांच्याच हातांवरून काढलं. ते फक्त त्यांच्या घराण्याच्या लोकांना छापून देते, दुसऱ्या कोणालाही देत नाही.

रांड या शब्दाचं काय

त्या दोन पोरींना मी हेच विचारलं: आपल्या शहरात हा शब्द रोज कोणावर पडतो? दोन प्रकारच्या बायकांवर. एक म्हणजे विधवा. मुळात संस्कृतातला "रण्डा" म्हणजे विधवाच. वऱ्हाडात अजून "रंडकी" म्हणतात. आणि दुसऱ्या, गंगा-जमुना वस्तीत धंदा करणाऱ्या बायका. या दोघींपैकी कोणी तुमच्या गटात आहे का? नसेल तर ८ मार्चला थैली मिरवणार तुम्ही, आणि ९ तारखेला तो शब्द ऐकणार त्या.

असं आधीही झालंय. २०११ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरँटोत एक पोलीस विद्यार्थ्यांसमोर म्हणाला की बायकांनी छिनालांसारखे कपडे घालू नयेत, म्हणजे अत्याचार होणार नाहीत. ३ एप्रिलला तिथल्या बायकांनी तोच इंग्रजी शब्द, "स्लट", नावात घेऊन मोर्चा काढला आणि तो जगभर पसरला. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी त्यांना खुलं पत्र लिहिलं. गुलामगिरीच्या काळापासून आमच्या शरीराबद्दल हेच बोललं गेलंय, आम्ही हा शब्द स्वतःला लावला तर आमच्यावरचं तेच जुनं चित्र पक्कं होईल, असा त्याचा सूर. मला ते पत्र फार पटतं. शब्द एकच असतो, पण पडताना सगळ्यांवर सारख्या वजनानं पडत नाही.

दिल्लीतल्या बायकांनी मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. ३१ जुलै २०११ ला जंतर मंतरवर मोर्चा काढताना त्या नुसत्या इंग्रजी शब्दावर थांबल्या नाहीत. आपल्याकडे बाईच्या तोंडावर जो शब्द मारला जातो तोही घेतला: बेशर्मी मोर्चा. रस्त्यानं जाणाऱ्या भाजीवालीलाही तो कळतो. दुसऱ्या भाषेतली शिवी उलटवून इथं कोणाला काही लागत नाही, आणि कोणाची सुटकाही होत नाही. समलिंगी आणि तृतीयपंथी अशा सगळ्यांसाठी वापरतात त्या "क्विअर" शब्दाचंही मला तसंच वाटतं. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यकर्त्यांनी तो शब्द पत्रकावर घेतला तेव्हा त्यांच्या अंगावर तो दगडासारखा पडलेला होता. आपल्याकडे तो इंग्रजी शाळेतून आला, स्वच्छ होऊन आला. वापरा, मीही वापरते, चांगला मोठा छत्रीसारखा शब्द आहे. पण त्यात आपली जखम नाही. आपली जखम "बायल्या"त आहे.

मुळं खणा

पहिल्या ढिगातला शब्द निवडला की आठ दिवस त्याच्या मागं लागा. शब्दकोश पाहा, पण घरातल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. हे काम मला छपाईपेक्षाही आवडतं.

"सटवी" घ्या. भांडणात बाईला देतात. आणि बाळाच्या पाचवी-सहावीच्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहिते ती कोण? सटवाईच. पाटीवर लेखणी ठेवून आपल्या आज्या तिची वाट पाहतात. म्हणजे जी बाई सगळ्यांचं नशीब लिहिते तिचंच नाव शिवी झालं. "भवानी" तर सांगायलाच नको. देवघरात पूजा आणि दारात "आली बघा भवानी". चिठ्ठीवाल्या पोरीला मी हे सांगितलं तेव्हा ती किती तरी वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आजीला माहीत असेल का हे? मी म्हटलं, विचार. तिनं विचारलं. आजी म्हणाली, "मला माझी सासू म्हणे." तिच्या थैलीवर आम्ही फक्त एक लेखणी काढली आणि खाली "सटवी".

मुळं खणताना आणखी एक गोष्ट पाहा: हा शब्द कोणी दिला? वरून दिलेला गोड शब्दही शिवीइतकाच परका असतो. नागपुरात राहून हे वेगळं शिकायची गरज नाही. "हरिजन" हा शब्द प्रेमानं दिला होता, तरी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या लोकांनी तो नाकारला. दलित हा शब्द मानानं पुढं आला, १९७२ मध्ये पँथरनं तो रस्त्यावर गर्जत नेला. "जय भीम" हा नमस्कार आपल्या कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवला. २०२३ च्या एप्रिलमध्ये विधवांना "गंगा भागीरथी" म्हणावं असा प्रस्ताव राज्यात निघाला, तेव्हा बायकांनी जो विरोध केला तो मला म्हणूनच एकदम समजला. इथं गावोगावी काम करणाऱ्या विधवा आणि एकट्या बायका स्वतःला "एकल" म्हणतात. तो शब्द त्यांनी बसून, बोलून ठरवलेला आहे.

उलटलेलं दिसलं पाहिजे

आता छपाईच्या टेबलाकडे येते. माझा एक नियम आहे: शिवी जशीच्या तशी छापायची नाही. तिच्यात एक बदल असा पाहिजे की वाचणाऱ्याला क्षणात कळावं, ही आता आमच्या हातात आहे. एक रेघ, एक टिंब, एक दिशा. तेवढं पुरतं.

गुलाबी त्रिकोणाची गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. नाझींच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे, टोक खाली. युद्ध संपलं, छावण्या उघडल्या, पण ज्या कायद्याखाली त्यांना पकडलं होतं तो जर्मनीत पूर्णपणे निघाला १९९४ साली. १९७० च्या दशकात तिथल्या चळवळीतल्या लोकांनी तोच त्रिकोण स्वतःहून छातीवर लावला. आणि १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या भिंतींवर एड्सच्या मरणांबद्दल काळं पोस्टर लागलं, त्यात तो त्रिकोण टोक वर करून होता, खाली शब्द: मौन म्हणजे मृत्यू. टोक वर. एवढाच बदल. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला शाई ओढायचा स्क्वीजी थांबला होता.

आपल्या विदर्भाच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये, बुलढाण्यात बसून, "स्त्रीपुरुष तुलना" या पुस्तकात हेच केलं होतं. बायकांचे म्हणून जे जे दोष शास्त्रं आणि नाटकं सांगत, ते त्यांनी एकेक करून उचलले आणि विचारलं, हा दोष पुरुषात नाही काय? शिवीची यादी तीच, फक्त तोंड फिरवलं.

इंग्लंडमध्ये १९०६ साली एका वर्तमानपत्रानं मताधिकार मागणाऱ्या बायकांची टर उडवायला "सफ्रजेट" असा शब्द काढला, शेवटी लहानपणाचा प्रत्यय लावून. त्या बायकांनी तोच शब्द नाव म्हणून घेतला, पुढं १९१२ मध्ये आपल्या साप्ताहिकाच्या डोक्यावर छापला. १९७० मध्ये न्यूयॉर्कला स्त्रीवाद्यांच्या सभेत दिवे गेले आणि लागले तेव्हा स्टेजसमोर बायका उभ्या होत्या, जांभळ्या बनियनवर त्यांनीच छापलेले शब्द होते, "लव्हेंडर मेनेस", म्हणजे जांभळं संकट. चळवळीतल्या लेस्बियन बायकांबद्दल चळवळीच्याच एका नेत्या तसं म्हणाल्या होत्या. बाहेरच्यांच्या शिव्या आपण मोजतो, पण घरातल्यांच्या शिव्याही चिठ्ठीवर लिहा.

आता माझी चिठ्ठी. मी एकोणीस वर्षांची होते. मी आणि माझी एक मैत्रीण, आमचं काय होतं ते आम्हांलाही नाव घेऊन सांगता येत नव्हतं. वाड्याच्या जिन्यावर शेजारच्या काकू माझ्या आईला हळूच म्हणाल्या, "तुमची पोरगी जरा... तसली आहे का हो?" आईनं दार लावून घेतलं. मराठीत माझ्यासाठी शिवीसुद्धा नव्हती. एक विशेषण होतं आणि त्याच्या आधी एक थांबणं. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आमच्यासारख्यांना वगळलं गेलं, पण ते थांबणं कोणत्याच कलमात नव्हतं म्हणून ते गेलं नाही.

आम्ही सहा जणी या एका शब्दावर तीन रविवार बसलो. एकीनं सुचवलं "आम्ही तसल्या". दुसरीनं "कसली? अशी!" चांगलं होतं, पण त्यात उत्तर देण्याची घाई होती. मग माझ्या लक्षात आलं की दुखणं शब्दात नाहीच, त्याच्या आधीच्या तीन टिंबांत आहे. मग ती तीन टिंबं काढून टाकली आणि शब्दाच्या पुढं एकच ठेवलं, मोठं, टिकलीएवढं:

मी तसली.

पूर्णविराम. बोलणं संपलं, कुजबुज संपली.

टिंबाच्या रंगावरून पुन्हा एक रविवार गेला. मी लाल घोटून ठेवला होता. आमच्यातली एकल बाई म्हणाली, "ते कुंकू दिसतंय. माझ्या कपाळावरचं पुसलं ते पुन्हा खांद्यावर कशाला?" लाल शाई मी डबा लावून ठेवून दिली. रंग घेतला बेशरमाच्या फुलाचा.

खूण कुठून आणायची

बेशरम माहीत आहे ना? नाग नदीच्या काठानं, नाल्यांच्या कडेनं, उकिरड्यावर येतं. फांदी तोडून फेकली तर पडेल तिथं मूळ धरते. गुरं तोंड लावत नाहीत. मेच्या उन्हात सगळं करपलेलं असतं तेव्हाही हे हिरवं, आणि त्यावर भोंग्यासारखी फिकट जांभळी फुलं. लोकांनी त्याचं नावच शिवी ठेवलंय. खूण शोधत लांब जाऊ नका, नाल्यापर्यंत जा.

रंगाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा केला तेव्हा त्यात आठ पट्टे होते. गडद गुलाबी पट्टा पुढं गेला, कारण झेंडे जास्त लागायला लागले आणि त्या रंगाचं कापड मिळेना. शेवटी सहा उरले. म्हणून मी म्हणते, खूण एका रंगात छापता येईल अशीच घ्या. जी खूण शाळेतली पोरगी पेननं वहीच्या मागं काढू शकत नाही ती टिकत नाही.

आणि जी खूण दुसऱ्यांच्या हातची आहे ती उचलू नका. दोन वर्षांपूर्वी काही जणी म्हणाल्या, काळी मारबत, तान्ह्या पोळ्याला मिरवून जाळतात तो बाईचा पुतळा, आपण घेऊ. बाई आहे, काळी आहे, सगळं गाव तिला शिव्या देत जाळतं, स्त्रीवादी खूण म्हणून हिच्यापेक्षा चांगली कोणती? विचार खरंच सुंदर होता. मीही लहानपणी तान्ह्या पोळ्याला आजीच्या कडेवरून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडलेय. पण इतवारीत काळी आणि जागनाथ बुधवारीत पिवळी मारबत ज्यांच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांबू-कागदानं उभी करतात, त्यांच्यासाठी ती शिवी नाही, देवी आहे. तिला नवस बोलतात. ती आपल्याला "परत" घ्यायची नाही, ती कोणी हिसकावलेलीच नाही.

पण मारबतीबरोबर बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात, आणि बडग्या करायला कोणाचीच मनाई नाही. महागाईचा बडग्या निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो. आम्ही "लोक काय म्हणतील" याचा केला. पोटात गवत भरलं आणि गवतात चिठ्ठ्यांचा दुसरा ढीग. "वांझ" तिनं स्वतःच्या हातानं आत खोचला.

कापड, शाई आणि घरी जायची वाट

टी-शर्ट छापू नका, थैली छापा. हे मी अनुभवानं सांगते. अंगातला टी-शर्ट रस्त्यात काढता येत नाही. थैली उलटी करता येते. मोर्च्यातून बसनं हिंगण्याला किंवा कामठीला परत जाणाऱ्या पोरीला घराच्या दोन स्टॉप आधी ती उलटी करावी लागते, आणि त्यात भ्यायचं-लाजायचं काही नाही. म्हणून मी आतली शिवण साफ करते, उलटी थैलीही थैलीच दिसावी अशी. कोणाला किती उघड व्हायचं ते तिचं ती ठरवेल. गटानं एकत्र फोटो काढताना विचारा. चेहरा नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

कापड गांधीबागेतून मांजरपाट घ्या, आणि छापायच्या आधी एकदा धुवा, नाहीतर खळीमुळं शाई धरत नाही. अक्षरं जाड ठेवा. देवनागरीत वेलांटीचा बाक आणि मात्रेचं टोक आधी बुजतं. "तसली"ची दुसरी वेलांटी मला तीनदा काढावी लागली. उन्हाळ्यात छापत असाल तर पंखा बंद करून पहाटे छापा. दुपारी नागपूरच्या हवेत शाई जाळीतच वाळते आणि जाळी ताणलेली चौकट वाया जाते. छापून झाल्यावर दिवसभर वाळवा, मग उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा. तीन दिवस पाणी लावू नका.

रस्त्यावर कोणीतरी विचारणारच, हे काय लिहिलंय? उत्तर घरून पाठ करून जा, एका श्वासात बसेल एवढं. माझं असं आहे: "हे मला म्हणायचे, आता मी म्हणते." समोरचा ऐकणारा असेल तर पुढचं सांगा, नसेल तर चालत राहा. मोर्च्याची पोलीस परवानगी आधी काढा आणि तिची प्रत दोघींजवळ असू द्या.

आणि शब्द सोडायची तयारी ठेवा. वर्षातून एकदा पुन्हा चिठ्ठ्या लिहा. ज्याच्यावर शब्द पडतो तो म्हणाला, आता नको, तर चौकट धुऊन टाकायची. दोन शब्द आम्ही असे धुतलेत.

त्या दोघी

चहा संपला तेव्हा दोघी उठून गेल्या. मला वाटलं दुसऱ्या दुकानात जातील. दहा दिवसांनी आल्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठ्या. हॉस्टेलच्या चौदा मुलींनी लिहिल्या होत्या. मी वाचत गेले. चौदापैकी नऊ चिठ्ठ्यांवर एकच शब्द, थोडा इकडं-तिकडं. "लय शहाणी." "अतिशहाणी." "दीडशहाणी, काका, मी बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा." "दीडशहाणी, बाबा, पगार विचारल्यावर."

"काकू, हा आमच्यावर पडलेला आहे," मोठी म्हणाली. "सगळ्यांवर."

"उलटवणार कसा?"

धाकटीनं वही काढली. पानावर मोठा एक, त्याच्यापुढं अर्ध्याचं चिन्ह, आणि खाली बारीक अक्षरांत "शहाणी. पूर्ण दीड." दीडचा अर्धा तिनं इतका मोठा काढला होता की तो एकाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

मी तिला आत नेलं, पिवळ्या बल्बखाली चौकट धरायला दिली आणि जाळीवर इमल्शन, म्हणजे चित्र उमटवायचं रसायन, ओढायला शिकवलं. पहिल्यांदा थर जाड बसला. पुसलं, पुन्हा ओढलं. ४० थैल्यांना तीन पहाटा लागल्या.